पिशवी माळ्यावरच राहू द्या

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या आहेत. मुंबईत, दादर भागात त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. गेल्या पावसाळ्यापासून १९ वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे जेवायला येतो. लहानपणापासून तो बालगृहात वाढला, १८ पूर्ण झाल्यावर बाहेर पडला आणि आता पाच-सहा मुलांबरोबर एका उड्डाणपुलाखाली झोपतो. लग्नसराईत कॅटरिंगला जातो. ताईंनी त्याला ओळखीनं तीन नोकऱ्या लावून दिल्या: झेरॉक्सचं दुकान, औषधांच्या दुकानातलं घरपोच सामान पोचवायचं काम आणि एका इमारतीची वॉचमनगिरी. एकही तीन आठवड्यांपुढे गेली नाही. मग घरातला जुना मोबाइल सिमसकट दिला. आठ दिवसांत मोबाइल गेला आणि मुलगाही दिसेनासा झाला. त्याला आज बारा दिवस झालेत. त्याची कपड्यांची पिशवी अजून दुकानाच्या माळ्यावर आहे. यजमान म्हणतात, आता नाद सोड. ताई विचारतात, "पोरगा गुणी आहे, पण टिकत नाही. अशा मुलांमध्ये जिद्द कशी आणायची? एखाद्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला पाठवू? समुपदेशकाकडे नेऊ? की सरळ घरीच आणून ठेवू?"

ताई,

तुमच्या पत्रात 'टिकत नाही' हे शब्द चार वेळा आलेत. मी मोजले. पहिल्यांदा वाचताना मलाही पटले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र वाटलं, जो मुलगा मुंबईचा अख्खा पावसाळा पुलाखाली काढतो, वर्षभरात तुमच्या गल्ल्याला हात लावत नाही, जेवल्यावर ताट स्वतः घासून ठेवतो (हे तुम्हीच लिहिलंय, अगदी सहज, कंसात), तो न टिकणारा कसा? तो तीन नोकऱ्यांमध्ये टिकला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्या तीन नोकऱ्या जरा उलगडून बघू या.

झेरॉक्सचं दुकान सकाळी नऊला उघडतं. कॅटरिंगचं काम संपून भांडी टेम्पोत चढेपर्यंत रात्रीचा एक-दीड वाजतो. तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते. म्हणजे हॉलच्या पायरीवर नाहीतर फलाटावर बसून पहिल्या गाडीची वाट बघायची. काम नसेल त्या रात्रीही पुलाखाली बाराच्या आत पाठ टेकत नाही, कारण गाड्यांची वर्दळ तोवर थांबत नाही. झोप लागली तरी एक डोळा उघडा, कारण झोपेत ब्लेडनं खिसा कापला जातो. पाच-साडेपाचला झाडूवाले येतात, नाहीतर पोलीस काठी आपटत उठवतात. पालिकेची गाडी आली तर अंथरूण-पांघरूण गोळा करून घेऊन जाते. रोज तीन-चार तासांच्या तुटक झोपेवर आपल्या घरातलं एकोणीस वर्षांचं पोर किती दिवस नऊच्या ठोक्याला हजर राहील? आपलं पोर उशिरा उठलं की आपण म्हणतो, रात्री अभ्यास करत होता, झोपू दे. याला म्हणतो आळशी.

औषधांच्या दुकानात पगार महिन्याचा होता, पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. म्हणजे पहिला पैसा हातात पडायला सदतीस दिवस. तोवर खायचं काय? सुलभमध्ये आंघोळीला पैसे लागतात, संडासला लागतात. कॅटरिंगमध्ये रात्रीचे पैसे रात्रीच हातावर पडतात आणि वर पोटभर जेवण. तो अठराव्या दिवशी निघून गेला याचं तुम्हाला वाईट वाटलं. मला तर प्रश्न पडला की अठरा दिवस त्यानं काढले कसे?

वॉचमनगिरीत काय झालं हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर पत्ता विचारला, दुसऱ्या दिवसापासून हा गेला नाही. त्याला तिथं काय वाटलं असेल हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा 'जिद्द कशी आणायची' हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. बाहेरून आणून त्याच्यात घालावी अशी ती वस्तू नाहीच, आणि असती तरी त्याच्याकडे आपल्या दोघींपेक्षा जास्तच निघाली असती. रस्त्यावर राहणारं पोर चोवीस तास घट्ट मूठ करून जगत असतं. कुणावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, मिळालेले पैसे आजच संपवायचे (उद्यापर्यंत ते खिशात राहतीलच असं नाही), आणि गडबड दिसली की पहिल्यांदा पळायचं. पुलाखाली हे तीन नियम जीव वाचवतात. दुकानात हेच तीन नियम नोकरी घालवतात. त्याला आणखी खंबीर बनवण्याची गरज नाही. दिवसातले दोन तास तरी खंबीर न राहून चालेल अशी जागा त्याला हवी आहे. तशी जागा मिळत गेली की त्या सवयी हळूहळू सैल पडतात. आधी सवयी सोड, मग जागा देतो, असं म्हटलं तर तो दोन्हीकडून जातो.

हे मी हवेत बोलत नाही. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रुथ स्मिथ या दोघी संशोधकांनी ती चाळिशीला पोचेपर्यंत मागोवा घेतला. त्यातली जी मुलं गरिबी, दारू, भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा अनेक संकटांत एकदमच सापडलेली होती, त्यांच्यातलीही सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, धडधाकट, माणसांत राहणारी मोठी झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? स्वभावाचा भाग होताच, पण वारंवार दिसलेली एक गोष्ट अगदी साधी होती: आईवडील नसले तरी निदान एक मोठं माणूस त्यांना धरून होतं. आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. मला त्या अभ्यासातला दुसरा भाग जास्त आवडतो, जो फारसा सांगितला जात नाही. जी मुलं अठराव्या वर्षी पार घसरलेली दिसत होती, त्यांतलीही बरीच तिशी-चाळिशीपर्यंत मार्गी लागली. कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला स्थिर नोकरी, कुणाला समजूतदार जोडीदार. एकोणिसाव्या वर्षी कुणाचा निकाल लागत नसतो. तुम्ही लिहिलंय, 'वय निघून चाललंय हो त्याचं.' ताई, चाललेलं नाही.

आता पिशवीबद्दल. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन जाते, पण माझ्या मते तुम्ही त्याच्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पूर्वी मी एका मोठ्या रेल्वे स्थानकाजवळच्या केंद्रात काम करायचे. मुलं दिवसा यायची, आंघोळ करायची, झोपायची, कॅरम खेळायची. आम्ही फार उत्साहानं गटचर्चा, चित्रकला, गोष्टी असं सगळं ठेवलं होतं. मुलांची रांग मात्र लागायची लोखंडी कपाटाच्या खणांसाठी. एका खणाची एक चावी, ती सुतळीत ओवून गळ्यात. एका मुलानं त्याचा खण दाखवला होता: अर्धी संपलेली टूथपेस्ट, स्टीलचा पेला आणि चौथीतलं ओळखपत्र, फोटोवरचं प्लास्टिक सुटलेलं. तो दिवसातून दोनदा येऊन नुसता खण उघडून बघायचा आणि बंद करायचा. तेव्हा मला गंमत वाटली होती. नंतर कळलं, आपली वस्तू ठेवल्या जागी सापडते हा अनुभवच त्याला नवा होता.

तर पिशवी माळ्यावरच राहू द्या. यजमान म्हणाले तरी खाली काढू नका. तिच्या शेजारी एक प्लास्टिकची फाइल ठेवा. तो आला की त्याच्याशी बोलून त्यात त्याची कागदपत्रं जमवायला घ्या: आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बालगृहातून बाहेर पडल्याचा कागद, बँकेचं पासबुक असेल तर ते. बालगृहात वाढलेल्या मुलांच्या आधारवर बऱ्याचदा संस्थेचाच पत्ता असतो. तो बदलायची घाई नको, चालू असलेला पत्ता हाच सध्या त्याचा पत्ता. मूळ कागद तुमच्याकडे राहतील, झेरॉक्स त्याच्याकडे. आणि हे त्याला नीट सांगा की कागद त्याचे आहेत, मागेल तेव्हा, कारण न विचारता, परत मिळतील. गरिबाचे कागद 'सांभाळायला' घेऊन त्याला अडकवून ठेवणारी माणसं त्यानं नक्की पाहिलेली असणार.

पैशांचंही तसंच. काही मुलं विश्वासातल्या माणसाकडे पैसे ठेवतात. त्यानं तुमच्याकडे ठेवायला दिले तर वही घाला, तारीख, रक्कम, त्याची सही. पण त्यातच अडकू नका. त्याचं स्वतःचं बचत खातं उघडेपर्यंतची ती सोय. तो पैसे कशावर उडवतो हे विचारायची जबाबदारी वहीबरोबर तुमच्याकडे येत नाही, हेही लक्षात असू द्या. (मला स्वतःला हे फार जड गेलं होतं.)

नोकरी चौथी शोधायची असेल तर आधी पगार कसा देणार ते ठरवा. पहिले दोन महिने आठवड्याला पैसे देणारा मालक शोधा, दुपारनंतरची पाळी बघा, आणि पत्त्याची गोष्ट तुम्ही आधीच मालकाच्या कानावर घाला म्हणजे चारचौघांत प्रश्न येणार नाही. अर्थात मुलाला विचारून. तसा मालक मिळेपर्यंत तुमचंच केंद्र काय वाईट आहे? दुपारी तीन ते पाच, भाजी निवडणं, डबे भरणं, त्या दिवसाचे पैसे त्या दिवशी. उपकार म्हणून जेवण आणि कामाचे पैसे, हे दोन हिशेब वेगळे ठेवा. जेवण कामावर अवलंबून नसावं. ज्या दिवशी तो कामाला आला नाही त्या दिवशीही ताट मिळतं, हे त्याला दोन-तीनदा अनुभवाला आलं पाहिजे.

शिबिराचं म्हणाल तर नको. यशस्वी माणूस व्यासपीठावरून सांगणार की मीही फुटपाथवर झोपलो आणि आज इथं आहे. टाळ्या होणार. हा रात्री पुन्हा पुलाखाली, आणि आता वर हाही विचार की तो पोचला, आपण नाही, म्हणजे दोष आपलाच. समुपदेशकाचं वेगळं. त्याला झोपेत ओरडून जाग येते का, हातावर कापल्याच्या खुणा आहेत का, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो का, व्हाइटनर किंवा 'सोल्युशन' हुंगतो का? यांतलं काही असेल तर थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच करा, कसं बोलायचं ते विचारून घ्या. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, बरोबर जा, कारण केसपेपरच्या रांगेतूनच मुलं परत फिरतात. नशा असेल तर ती सोडल्याशिवाय जेवण नाही, अशी अट मात्र घालू नका. बहुतेक मुलं हे भूक आणि थंडी मारायला सुरू करतात. उपाशीपोटी सोडणं त्याहून कठीण.

आणि ती पुलाखालची पाच-सहा मुलं. 'संगत वाईट' असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण रात्री आळीपाळीनं जागी राहणारी, ताप आला तर ग्लुकोजची पुडी आणणारी, पोलिसांनी उचललं तर कळवणारी माणसं त्याला तीच आहेत. बालगृहातून बाहेर पडल्यावर त्यानं स्वतः जमवलेलं घर म्हणा हवं तर. ते आधी तोड, मग आपण बोलू, असं म्हणू नका. उलट बारा दिवस तो कुठं आहे हे विचारायचं असेल तर तिथंच विचारा. दुपारी जा, एकट्या नको, केंद्रातल्या एखाद्या बाईला बरोबर घ्या. चौकशीचा आवाज लावू नका. एवढाच निरोप ठेवा: "पिशवी आहे, जेवायला ये."

आता घरी आणायचं. तुमच्या मनाचा मोठेपणा मला दिसतो, पण माझं मत सध्या तरी नको असं आहे, आणि यजमान नाराज आहेत हे त्याचं मुख्य कारण नव्हे. आज तुमच्याकडे त्याला जेवण मिळतं, माया मिळते, कदाचित काम मिळेल. उद्या घरात राहायला आल्यावर बाथरूममध्ये वेळ का लावलास, रात्री उशीर का झाला, कपाटातले पाचशे कुठं गेले (ते नंतर तुमच्याच पर्समध्ये सापडणार), यांतल्या कशावरून तरी खटका उडेल. आईमुलांतही उडतो. फरक एवढाच की त्या एका खटक्यात त्याचं छप्पर, जेवण, काम आणि माणूस असं सगळं एकाच दारातून जाईल. म्हणून या गोष्टी वेगवेगळ्या दारांत असलेल्या बऱ्या.

मग राहायचं कुठं? एक दार कायद्यानं त्याला आधीच दिलेलं आहे, आणि ते बहुतेक मुलांना कुणी सांगतच नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. साधारणपणे २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत. म्हणजे तुमचा मुलगा अजून त्यात बसतो. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे लेखी अर्ज करायचा, ज्या बालगृहात तो वाढला तिथल्या अधीक्षकांचं पत्र जोडायचं. काम एका खेपेत होणार नाही, हे आधीच गृहीत धरा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आईवडील दोन्ही नसतील तर त्याच विभागाकडे अनाथ प्रमाणपत्राचीही चौकशी करा. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे.

दुसरं दार महापालिकेच्या बेघर निवाऱ्याचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं होतं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही नाहीत, तेव्हा जागा मिळेलच असं नाही. मिळत असेल तर आधी तुम्ही जाऊन बघा: सामान ठेवायला कुलूप आहे का, रात्री उशिरा आलेल्याला आत घेतात का, वयानं मोठी, दारू पिणारी माणसं आणि ही पोरं एकाच खोलीत असतात का. कॅटरिंगवाल्या मुलाला रात्री दहाला दार बंद करणारा निवारा काय कामाचा?

तिसरं म्हणजे कॉट बेसिसवरची जागा, खोलीतली नुसती एक खाट भाड्यानं. इथं अडतं ते डिपॉझिटपाशी. तुम्हाला त्याच्यावर पैसे खर्च करायचेच असतील तर मोबाइलपेक्षा इथं करा. डिपॉझिट तुमच्या नावानं, भाडं त्याच्या कमाईतून, सहा महिन्यांसाठी. बुडालं तर बुडालं असं म्हणता येईल एवढीच रक्कम घाला, आणि ती यजमानांबरोबर बसून ठरवा. त्यांची भीती खोटी नाही. मर्यादा ठरलेली असली की घरातलं भांडण अर्ध्यावर येतं.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी मध्येच दोन गोष्टी. मूल अठराच्या आतलं असेल तर यातलं बरंचसं लागू होत नाही. एकटं सापडलेलं मूल परस्पर घरी ठेवू नका, कितीही माया आली तरी. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. चोवीस तासांच्या आत कळवणं हे कायद्यानं बंधनकारक आहे आणि पुढचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. आणि मुलगी असेल, अठराच्या वरची असली तरी, तर रात्रीचा प्रश्न आधी सोडवा, नोकरीचा नंतर. महिला हेल्पलाइन १८१ आणि सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, ही सुरुवात. रस्त्यावर राहणाऱ्या मुली बऱ्याचदा 'नवरा आहे' असं सांगतात. तो नवरा असेलच असं नाही, पण त्याच्याशिवाय पहिली रात्र कुठं काढायची हे ठरल्याखेरीज तिला त्याला सोडायला सांगू नका.

ताई, आता मोबाइलकडे येते. तो चोरीला गेला असेल, मोठ्या पोरांनी काढून घेतला असेल, किंवा त्यानं विकलाही असेल. तिन्ही शक्यता सारख्याच. सिम तुमच्या नावावर असेल तर आजच बंद करून घ्या आणि पोलिसांत हरवल्याची नोंद करा. हे रागानं नाही, तुमच्या सुरक्षिततेसाठी. माझा अंदाज असा की तो तुम्हाला टाळत नाहीये, तुमच्यासमोर उभं राहायची त्याला लाज वाटतेय. ज्यानं विकून पैसे केले आणि ज्याच्याकडून हिसकावला गेला, दोघांनाही ती सारखीच वाटते. पहिल्या भेटीत खरं-खोटं करायला गेलात तर तो खोटंच बोलेल, आणि मग ते खोटं सांभाळायला आणखी बारा दिवस गायब राहील.

आला की मोबाइलचा विषय तुम्ही काढू नका, तो काढेपर्यंत. काढलाच तर 'गेला ना, असू दे, पुढच्या वेळी तुझ्या पैशांनी घेऊ' एवढंच. ताट वाढा. नेहमीच्या तीन पोळ्या घेतो म्हणालात, चार वाढा. आणि ती पिशवी पत्र्याच्या बाजूला आहे, तिथं गळतं असं तुम्हीच लिहिलंय, तेवढी आजच आतल्या फळीवर सरकवून ठेवा.